पंक्चर

अंबाजोगाईचा सरकारी दवाखाना.
खाटेखाली बाटली, बाटलीत पाणी,
पाण्यात नळी, नळीचं दुसरं टोक
मुंजाजीच्या बरगड्यांत.

काझी मॅडम म्हणाल्या, खोक.
तो खोकला.
बुडबुडे.

बावीस वर्षं रेणापूर फाट्यावर
टपात ट्यूब बुडवून मी हेच बघत आलोय.
वारं कुठून सुटतंय ते पाणी सांगतं,
गिऱ्हाईक नाही सांगत.

भाचा सव्वासहा फूट, अंगावर मांस नाही.
भरतीचे सोळाशे मीटर पळताना
छातीत सुई मोडली म्हणाला, अन् बसलाच.
मागच्या पोळ्यालाही हेच. हीच डावी बाजू.
तेव्हा तिसऱ्या दिवशी पाणी निवांत झालं,
नळी निघाली, आम्ही पेढे वाटले.

आज सहावा दिवस.

एक्स-रे खिडकीला धरून मॅडम दाखवत होत्या :
फुप्फुसाच्या शेंड्याला फोड आहेत, पातळ.
ताई म्हणाली, कापायचंच का?
आणखी दोन दिवस बघू की.

मी म्हणालो, ताई,
पहिल्या पंक्चरला मी ठिगळ लावतो, जा म्हणतो.
तीच जागा दुसऱ्यांदा आली
की ठिगळावर ठिगळ नाही लावत.
सरळ ट्यूब बदल म्हणतो.

मॅडम हसल्या नाहीत.
तसंच आहे, म्हणाल्या,
फक्त इथं नवी ट्यूब मिळत नाही.

हे मला सुचलं नव्हतं.

ताईचा हात उठेना. अंगठा मी दिला.
शाई ओली होती.
सोल्युशन सुकवायच्या सवयीनं
कागदावर फुंकर मारली,
लांब,
छाती पुरी रिकामी होईस्तोवर.