गुंजभर

हार्लन टिबेट्सने बाहेरून दार लावलं
तेव्हा मी हेरिंगच्या पिंपांमागे वाकून
रिकाम्या टोपल्या मोजत होते.
आमिषाची खोली. उणे दहा.
आधी वाटलं, वारा.
मग कडी बसल्याचा आवाज आला आणि हसण्याचा,
आणि वाऱ्याला हसता येत नाही.

चाळीस मिनिटं.
पहिली पाच शिव्या घातल्या,
पुढची दहा दार बडवलं,
मग नवऱ्याला हाका मारल्या,
तो सहा वर्षांपूर्वीच वारलेला.
त्यानंतरचं कुणाला सांगितलं नाही,
कोर्टातही नाही.

पहिल्या खटल्याच्या कागदावर होतं:
मेन राज्य विरुद्ध हार्लन टिबेट्स.
तीनदा वाचलं. माझं नाव कुठंच नाही.
सरकारी वकील कोवळा पोरगा, बुटांना चिखल न लागलेला.
म्हणाला, गुन्हा राज्याविरुद्ध घडतो, मिसेस अ‍ॅली,
तुम्ही साक्षीदार.
राज्य!
राज्याची नखं निळी पडली होती का?

बारा जण बसले.
हार्लन म्हणाला, मस्करी केली.
लगेच उघडणार होतो,
तेवढ्यात धक्क्यावर डिझेलची गाडी आली, विसरलो.
संशयाला फटीएवढी जागा पुरते.
त्या दाराला फट नव्हती,
त्या खटल्याला होती.
निर्दोष.
तो माझ्या शेजारून गेला, टोपी हातात,
डोक्यावर घालायची विसरून.

वकीलबाई पेल्टियर म्हणाल्या, फौजदारी संपली,
दिवाणी अजून आहे.
मी म्हटलं, एकाच दाराचे दोन खटले?
दार एक, त्या म्हणाल्या, प्रश्न दोन.
याला शिक्षा करायची का, हा सरकारचा.
माझं गेलं ते कोण भरून देणार, हा तुमचा.
तुरुंग नाही मिळणार.
पण तिथं मनाची अगदी शंभर नंबरी खात्रीही लागत नाही,
एक पारडं गुंजभर खाली गेलं की झालं.

नवा कागद आला.
ल्युएला अ‍ॅली विरुद्ध हार्लन टिबेट्स.
माझं नाव आधी.
मी त्यावर बोट ठेवून पाहिलं.

न्यायाधीशबाईंनी विचारलं,
ती आत आहे हे ठाऊक होतं?
होतं.
दार मुद्दाम लावलंत?
हो, पण तिचं वाईट व्हावं म्हणून नाही हो.
त्यांनी चष्मा काढला, पुसला.
वाईटाचं मी विचारलं नाही, मिस्टर टिबेट्स.
तिला कोंडायचं होतं ना?
खिडकीबाहेर एक सीगल पाईपवर बसला, उडाला.
हो.

मग किंमत.
डॉक्टरचं बिल, बुडालेल्या दोन खेपा,
इथवर सोपं होतं.
पुढच्या ओळीत वकीलबाईंनी ‘भीती’ लिहिलं
आणि शब्दापुढे आकडा.
मला हसू आलं. मग आलं नाही.
मेलेल्या माणसाला मारलेल्या हाकांचा
दर काय लावतात?

दर महिन्याच्या एक तारखेला
माझ्या पत्रपेटीत चेक असतो,
कोपऱ्यावर ग्रीसच्या अंगठ्याचा ठसा.
आमची बोयी अजून शेजारी शेजारी तरंगतात,
त्याची पिवळी, माझी हिरव्या पट्ट्याची.
गावात कुणी विचारलं तर सांगते,
गुन्हेगार नाही तो.
गुन्हेगार राज्याचा असतो,
हा माझा देणेकरी आहे.

ऑक्टोबरात आमिष आणायला गेले
तर दाराच्या उंबऱ्यावर किनाऱ्यावरचा एक गोटा,
पाट बंद होऊ नये असा अडकवलेला.
दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही.
निकालपत्रात असलं काही नव्हतं,
मी घरी जाऊन पुन्हा वाचलं.

एकदा उचलून पाहिला.
चांगलाच जड होता.
होता तिथं ठेवला.