आला आला

घडियाळी पोळच्या तोंडाशी
कीर्तिभाईंचं छपाईचं दुकान.
मी तिथली कॉम्प्युटरवाली बेन, मंगळवार-शनिवार, दोन तास.
स्क्रिप्ट माझीच: पेनड्राइव्ह खोचला
की फाइल उचलायची, प्रिंटरला द्यायची,
कुणी बटण दाबायला नको.
धृमिल तेवढ्यात सेव-उसळ घेऊन येतो.

श्रावणात एका सकाळी फणसेकाकू आल्या.
काकांच्या तेराव्याची पत्रं, शंभर.
छापून झाली दोनशे.

मी एकदाच लावला, बेन, आईशप्पथ, धृमिल म्हणाला.
लॉग उघडला. खरं बोलत होता.
अकरा बेचाळीस सात: आला.
अकरा बेचाळीस सात: आला.

आधी अख्खी डिस्क सांगते, मी आले;
मग तिच्या पोटातला भाग सांगतो, मीही.
चूक तशी कुणाचीच नाही.
आपणही दारात माणूस दिसला की
या या म्हणतो, बसा बसा म्हणतो,
आणि तो एकदाच बसतो.
त्याला हे कुणी शिकवलं?
माझी स्क्रिप्ट बिचारी दोनदा उठली,
दोन पाट मांडले, दोन ताटं वाढली.

उरलेली शंभर कीर्तिभाई रद्दीत घालेनात.
मरेला माणसनुं नाम छे, बेन.
कटरही लावू देईनात. काकू नेईनात,
जास्तीची घरात ठेवू नयेत म्हणाल्या.
शेवटी माझ्या खणात आली.
जाड कागद, पाठ कोरी.
मी तिथंच उपाय लिहीत गेले.

डिस्क बोलली तर गप्प बस, भाग बोलला तरच ऊठ.
पण एक म्हातारा कार्ड-रीडर तीनदा बोलला.
मग कुलूप: आत कुणी असेल तर दुसऱ्यानं मागे फिरायचं.
पण पहिला काम उरकून कुलूप काढतो
आणि नेमका तेव्हाच दुसरा दारात.
चौथ्या पत्रावर लिहिलं:
नंबर टिपून ठेव, ज्याला एकदा वाढलं
त्याला पुन्हा वाढू नकोस.
सहज उलटलं. कै. दत्ताजीराव मालोजी फणसे.
पुन्हा पालथं ठेवलं.

चाललं. दिवाळी, लग्नसराई, बोर्डाच्या परीक्षा,
एकाला एक, एकाला एक.
कीर्तिभाईंनी महिन्याला दोनशे वाढवले.

पुढच्या श्रावणात काकू.
आवो आवो, बेसो बेसो. काकू बसल्या.
तोच पेनड्राइव्ह, टोपण हरवलेला,
भोकातून लाल दोरा ओवलेला.
वर्षश्राद्धाची पत्रं, पंचवीसच.
धृमिलनं लावला. दिवा लागला.
प्रिंटर हलेना.
काढला, फुंकर मारली, लावला. हलेना.
बिघडला का गं? काकू म्हणाल्या,
ह्यांचे फोटो आहेत त्यात. सगळे त्यातच आहेत.

लॉगमध्ये एकच ओळ, माझ्याच शब्दांत:
हा येऊन गेलाय.

मी खणातलं एक पत्र काढलं,
नाव खाली जाईल असं,
आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं, दहा सेकंद.
दहाच्या आत पुन्हा हाक आली तर तीच हाक.
त्यानंतर आली तर
कुणीतरी आलंय.

दहाच का, कीर्तिभाईंनी विचारलं, पाच का नाही?
मला सांगता आलं नाही.
कधीतरी कुणी आठव्या सेकंदाला
खरोखर परत येईल
आणि मी त्याला दारातच ठेवीन,
हे ठाऊक असून मी फाइल सेव्ह केली.

प्रिंटर घरघरला. पंचवीस.
काकूंनी बोटाला थुंकी लावून पत्रं मोजली.
मग पुन्हा मोजली.