शेरा

तीन वाजून दहा मिनिटांनी फोन थरथरला.
पुढील तीन तासांत, तुरळक ठिकाणी,
ताशी पन्नास ते साठ किलोमीटर वेगाने वारे,
गरज नसताना बाहेर पडू नये.

मी हजेरीवाला. पत्र्याच्या खोलीत बसतो,
टेबलफॅनसमोर, रजिस्टरवर अर्धी वीट ठेवून.
गरज हा शब्द दोनदा वाचला.
त्या दिवशी आत एकशे बारा नावं होती,
आणि आमच्याकडे आत म्हणजेच बाहेर.

स्लॅबचा दिवस. सव्विसावा मजला.
गेटबाहेर, वडाळ्याच्या रस्त्यावर,
मिक्सरच्या सहा गाड्या पोटं फिरवत उभ्या.
काँक्रीटचंही आयुष्य तीन तासांचंच,
नंतर ते कोणाचं ऐकत नाही.
आभाळाचे तीन तास, मालाचे तीन तास,
आणि मधे कुलमणी प्रधान,
एकशे दहा मीटरवर, क्रेनच्या केबिनमध्ये,
डबा, पाण्याची बाटली आणि एक रिकामी बाटली घेऊन,
कारण चढलेला माणूस संध्याकाळीच उतरतो.

वारा मोजायचं यंत्र आहे वर. तीन वाट्यांचं.
त्याचा आकडा खाली दिसायचा, तो डिस्प्ले मार्चपासून बंद.
पर्चेसला दोन पत्रं दिलीत. पोच आहे माझ्याकडे.
म्हणून आम्ही वारा हिरव्या जाळीवर मोजतो.
जाळी श्वास घेतेय तोवर काम.
फडफडली की साहेबांना फोन.
किंचाळली की
त्याच्यापुढचं कुठे लिहिलेलं नाही.

मिठागरांच्या अंगाने आभाळ आधी पिवळं झालं,
मग पोत्यासारखं.
लाडूबाईने घमेलं खाली ठेवलं आणि पदर दातांत धरला.
सावे साहेब म्हणाले, दोन गाड्या ओतून घेऊ.
माणूस वाईट नाही. त्याच्यावर कोणीतरी आहे,
त्या कोणीतरीवर आणखी कोणीतरी,
सव्विसाव्यापेक्षा कितीतरी वर,
तिथे वारा लागत नाही.

वॉकीटॉकीवर विचारलं, कुलमणी, कसं आहे?
म्हणाला, पाळणा झालाय, बाबू.

माझ्या हातात दोनच गोष्टी: पेन आणि भोंगा.
मी सहाचा भोंगा दिला.
तीन लांब. साडेतीनला.

मेसेज कोणी वाचला नव्हता. भोंगा पायांना कळतो.
घड्याळ न बघता माणसं उतरू लागली,
व्हायब्रेटर जिथल्या तिथे, सळईवाले हसीबुल आणि त्याची पोरं
हसत, टाळ्या देत, सुट्टी झाल्यासारखी.
वर कुलमणीने क्रेन मोकळी सोडली.
ती तशीच सोडायची असते, वारा वळवील तिकडे वळू द्यायची,
धरून ठेवली तर मोडते.
मग तो शिडीला लागला.

पाऊस नव्हताच. नुसती धूळ,
आणि त्या धुळीत एक प्लायवूड
पाखरासारखं, कोणाचंही नसल्यासारखं, रस्ता ओलांडून गेलं.
शिडीवरचा ठिपका मला दिसेना.
मी रजिस्टर उघडलं, मिटलं.
एकशे बारातले एकशे अकरा खाली मोजले.
परत मोजले.

वारा अकरा मिनिटं होता.
नंतर ऊन पडलं, अगदी निर्लज्ज.
साहेब म्हणाले, अकरा मिनिटं फक्त?
दोन गाड्या माल वाया गेला होता. त्याचा हिशोब त्यांनी मोठ्याने केला.
तेवढ्यात कुलमणी आला आणि जमिनीवर बसला.
बोटं शिडीच्या मापाची वळून राहिलेली,
ग्लास धरता येईना.
चहा मी बशीत ओतला, बशी मीच धरली.
तो म्हणाला, बाटली वरच राहिली.
कुठली, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी सगळ्यांची हजेरी पूर्ण भरली.
शेऱ्याच्या रकान्यात मी एरवी लिहितो
उशीर. गावी गेला. ताप.
त्या दिवशी वरपासून खालपर्यंत एकच उभी रेघ ओढली
आणि तिच्या बाजूला लिहिलं, वारा.

दुसऱ्या दिवशी माझ्या नावापुढे वेगळ्या अक्षरात एक शेरा होता.
तो इथे लिहीत नाही.

डिस्प्ले अजून बंद आहे.
तिसरं पत्र दिलं. पोच घेतली.