एकोणतिसावा

घणसोलीत पिठाच्या गिरणीवर माझा क्लास.
सहा ते नऊ जमीन थरथरते,
फळ्यावर शून्यसुद्धा गोल येत नाही.

आज तांबं. अणुअंक एकोणतीस.
मुलांना नियम पाठ आहेत:
स्वस्त खोली आधी, महाग नंतर;
एका खोलीत दोघेच, तेही पाठमोरे;
आणि सारख्याच खोल्या असतील तर
आधी प्रत्येकानं एकेक घ्यायची,
जोडी मग, नाइलाजानं.
"सिडकोच्या सोडतीत असं असतं तर!"
मागून कुणीतरी बोललं. हसलो सगळे.

प्रचिती मढवी चौकोन काढत गेली, बाण भरत गेली.
दोन. आठ. तिसऱ्या कवचात सध्या आठच,
मग चौथ्यात दोन, कारण तिथलं पहिलं दार
तिसऱ्यातल्या उरलेल्या पाच खोल्यांहून स्वस्त पडतं.
मग परत खाली. पाच खोल्या, नऊ जण.
एका खोलीत एकच बाण.

"चूक," मी म्हटलं.
वरच्या दोघांतला एक पुसला
आणि खाली त्या एकट्याशेजारी उलटा काढला.
"आतले दहा पुरे झाले. आता तांबं निवांत."

मागच्या बाकावर तिचे वडील, हिराजी.
रबाळ्याची पाळी संपवून लेकीला न्यायला येतात.
प्लेटिंगच्या टाकीवर वीस वर्षं,
नखांच्या कडा हिरव्या.
त्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.
"बाई, मग वर एकटा राहिला त्याचं काय?"
प्रचितीनं वहीत मान घातली.

म्हटलं, तारेतून वीज नेतो तो तोच.
"म्हणजे ज्याला घर धरून ठेवत नाही
त्याच्यावरच घर चालतं."
वाक्य चांगलं होतं, वर्गही गप्प झाला,
पण मला सांगावंच लागलं
की अणूत घर नसतं, खोल्या नसतात,
असलंच तर धुकं असतं,
फक्त पेपरात चौकोन काढायचे.

ते थांबले नाहीत.
"आणि टाकीतलं? ते तर निळं असतं."

याची मी तयारी केली नव्हती.
फळ्याकडे बघत राहिले.
मग वरचा एकटा पुसला.
आणि मघाशी खाली आणून बसवलेला,
तोही पुसला.
टाकीत त्याचे दोन जातात, हिराजीभाऊ.
आत पुन्हा नऊच.
निळं दिसतं ते त्या एका रिकाम्या जागेमुळे.

त्यांनी नखं पाहिली. बराच वेळ.

नऊला गिरणी थांबली
आणि फळा एकदम स्थिर झाला.
पिठानं पांढरा झालेला जिना उतरताना
ते विचारत होते, "चांदीचं पण असंच का गं?"
"थांबा ना पप्पा, मोजते."

मी डस्टर हातात धरून ऐकत होते:
दोन, आठ,
अठरा,
अठरा...

खाली स्कूटर सुरू होईना.

"आणि एक."