वाराई

मार्केटात गोणीमागे वाराई मिळते.
पन्नास किलो कांदा, गाडीतून गाळ्यात,
त्याचे इतके. ठरलेलं. बोर्डात नोंद.
रेवतीचे पप्पा तेवीस वर्षं हेच करतात.

इकडे कोपरखैरण्यात, सेक्टर पाचच्या खोलीत
मी रेवतीला उचलते. वय बारा, बत्तीस किलो.
गादीवरून मोरीत, मोरीतून खुर्चीत,
खुर्चीतून परत, आणि रात्री कूस बदलायला.
ह्याला वाराई नाही. ह्याला माया म्हणतात.

सरकार देतं, नाही असं नाही.
योजनेचं नाव निराधार,
आणि पहिला कागद मागतात तो आधार.
तिच्या मुठी घट्ट, ठसे उमटत नाहीत.
खिडकीतला मुलगा म्हणाला, सांगा ना तिला, बोटं सोड म्हणावं.
सांगितलं.
तिने त्याच्याकडे बघून जांभई दिली.

पैसे आठ तारखेला येतात,
कधी कधी पुढच्या महिन्याच्या आठला.
मोठ्या मापाचे डायपर, फिट्सच्या गोळ्या,
रिक्षा, कारण बसची पायरी उंच.
अकरा तारखेपर्यंत पुरतात.
मग उरलेला महिना मी साड्यांना फॉल लावते,
एक कान तिच्या श्वासाकडे.
पायाचे पट्टे यंदाही लहान झाले.
पाऊल वाढतं. त्याला कुणी कळवलेलं नाही
की रक्कम तेवढीच आहे.

परवा रात्री ह्यांनी लाइटबिलाच्या पाठीवर
गणित मांडलं. दिवसाला चौदा वेळा,
चौदा गुणिले बत्तीस, चारशे अठ्ठेचाळीस.
"नऊ गोण्या झाल्या की गं. दोन किलो कमी."
मी म्हटलं, घेता का मग टोळीत?
हसले. मग बिल सुलट केलं,
भरायची तारीख बघितली,
आणि दिवा बंद करून बसले जरा वेळ.

आज दवाखान्यात वजन केलं.
काट्यावर आधी मी एकटी,
मग तिला उचलून. वजाबाकी.
साडेतेहतीस.
"छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंगी लागतंय."
छानच, मी म्हणाले,
आणि खरंच छान वाटलं.
फक्त काट्यावरून उतरताना
आधी कुठला पाय खाली टाकायचा,
ते पटकन आठवेना.