उसवण

एरी गावात नोव्हेंबरपासून सरोवरावरून बर्फ येतो,
आडवा, तोंडात मारल्यासारखा,
आणि मी, व्हर्ना काझ्मियरचॅक, वय त्रेसष्ट,
स्टेडियमच्या तळघरात धुलाईयंत्रांपाशी बसून
पोरांची नावं उसवते.

जर्सीच्या पाठीवर नाव वेगळ्या पट्टीवर शिवायचं,
हे मला पहिल्याच वर्षी कळलं.
जर्सी संघाची. नाव तेवढं पोराचं.
चौदा नंबरात या मोसमात तिघे राहून गेले,
भाड्याच्या खोलीत राहावं तसे.

मोठ्या संघाने बोलावून घेतलं की आम्ही म्हणतो, वर गेला.
कुणी रडत नाही.
उलट टाळ्या वाजतात,
आणि टाळ्या वाजवणारा प्रत्येक जण
मनातल्या मनात भिंतीला टेकून आपली उंची मोजतो.

मजोक अटेम आला तेव्हा एकोणीस वर्षांचा,
सहा फूट दहा इंच, ओमाहाचा, आईबाप सुदानकडचे.
चेंडू मोसंब्यासारखा धरायचा एका हातात,
पण बचावात डावा पाय उशिरा.
कोच हॉलिंग्सवर्थने सबंध डिसेंबर त्या एका पायावर घालवला.
सकाळी रिकामं मैदान, तीन खुर्च्या मांडलेल्या,
पाय आधी, मग हात. पाय आधी.
शंभरदा. पाणी पी. परत शंभरदा.
मग अंधाऱ्या खोलीत चित्रफीत थांबवून,
"हे बघ, इथे तू विचार करतोयस."
विचार करणं ही चूक असते, हे मला नवीन होतं.

सामन्याला सहाशे माणसं,
त्यातली दोनशे शाळेची, फुकट तिकिटांवर.
मग रात्रभर बस. त्या बसमध्ये
अशा गुडघ्यांना कुठेच जागा नसते.

थंडी वाजली की तो तळघरात यायचा,
ड्रायरला पाठ लावून बसायचा,
आईशी बोलायचा डिंका भाषेत, हळू.
एकदा विचारलं, "काढलेली नावं कुठे जातात?"
मी बिस्किटांचा डबा उघडून दाखवला.
बराच वेळ तो एकेक वाचत राहिला.
हा तुर्कस्तानात खेळतो, मी सांगत होते,
हा शाळेत शिकवतो, ह्याचा गुडघा गेला,
हा... हा कोण, मलाच आठवत नाही.

फेब्रुवारीत, पहाटे सव्वाचारला, फोन.
वर कुणाचा तरी घोटा मुरगळला होता.
कुणाचा तरी घोटा, म्हणून कुणाचा तरी करार,
दहा दिवसांचा.
एका बॅगेनिशी गेला. मोजे ड्रायरमध्येच राहिले.

मी बहिणीकडे टीव्ही लावून बसायचे.
नऊ दिवस तो बाकावर, टॉवेल खांद्यावर.
दहाव्या रात्री, बावीस गुणांनी पिछाडी,
लोक कोट चढवून निघालेले,
तेव्हा शेवटची दोन मिनिटं चाळीस सेकंद त्याला मिळाली.
एक पास. एक फाउल.
आणि एकदा त्यांचा बुटका गार्ड उजवीकडून घुसला,
तर मजोकचा डावा पाय तिथे आधीच होता.
गार्ड थांबला, वळला, चेंडू मागे दिला.
समालोचक तेव्हा उद्याच्या हवामानाबद्दल बोलत होता.
मी उठून उभी राहिले. बहीण म्हणाली, काय झालं गं?
"पाय," मी म्हटलं.

बाराव्या दिवशी तळघराचं दार वाजलं.
खांद्यावर बर्फ, तीच बॅग.
मीही काही विचारलं नाही, त्याचे मोजे पुढे केले.
त्याची पट्टी डब्यात गेलीच नव्हती,
माझ्या ॲप्रनला टाचणीने लावलेली होती,
का, ते मला सांगता येणार नाही.
माझ्या डोळ्यांना हल्ली सुईचं नेढं दिसत नाही.
त्याने सुई घेतली, त्या एवढाल्या बोटांत,
आणि दोरा पहिल्याच खेपेला ओवला.

चौदा नंबर गुडघ्यावर पसरून मी विचारलं,
"पक्का टाका घालू?"

"नको," तो म्हणाला. "कच्चाच."