कागद धुणारा

राजा गेला की दोन-तीन वर्षांनी
आम्हाला बोलावणं येतं.
पक्का इतिहास लिहून झाला, शिवला, कुलपात गेला;
आता कच्ची टिपणं कोणाच्या हाती लागायला नकोत,
कोण काय बोललं, कोण गप्प बसलं.
म्हणून बैलगाड्यांतून गठ्ठे येतात
वेशीबाहेरच्या ओढ्यावर,
आणि आम्ही मांडीभर पाण्यात उभे राहून
तेवीस वर्षं धुतो.

मला वाचता येत नाही.
तीन अक्षरं तेवढी ओळखतो : प्यो, इन, हू.
बापाने ती राखेत काठीने काढून दाखवली होती,
विषारी साप ओळखायला शिकवावं तशी.

डाव्या आसनाचा मंत्री, प्यो इन-हू.
एकोणिसाव्या वर्षी परीक्षेत पहिला,
पन्नाशीत राजाचा सासरा.
तो खोकला तर दरबार शाल पांघरतो, असं लोक म्हणत.
त्याने बेटांवर धाडलेली माणसं मोजायला
आमच्या गावाची बोटं पुरली नसती.
कागदाचा भार दुप्पट झाला, तोही त्याच्याच शब्दाने.
त्या हिवाळ्यात बर्फ फोडून तुतीची साल भिजवली.
बापाची दोन बोटं गेली.
ओढ्याने उसनी नेलीत, म्हणायचा.

एकदा तो आमच्या कागदखान्यात आला.
मी सात वर्षांचा, सालींच्या ढिगामागे.
घोड्याच्या केसांची काळी टोपी,
हनुवटीखाली मण्यांची माळ.
एक ताव उचलून उजेडात धरला.
तावात केस होता. आईचा.
बाप जमिनीवर पालथा.
मंत्र्याने नखाने केस सोडवला,
बोटाला गुंडाळत म्हणाला,
"आमच्याकडे आई दर शरदात खिडकीला नवा कागद लावायची.
खळीत तिचाही केस राहायचा."
एवढंच.
घोड्यावर बसला.
भार कमी केला नाही.

आज थंडी फार.
पहाऱ्यावरचा तरुण कारकून, नाक लाल,
भातदारूचा घोट घेत मधूनच एखादं पान वाचतो, आपलं करमणूक म्हणून.
"प्यो इन-हू आजारी नसताना आजारी असल्याचं कळवतो."
"आज राजा त्याच्याकडे पाहत नाही."
"आजही."
मग बरीच पानं नुसती पावसाची, ग्रहणाची.
मग शेवटचा गठ्ठा.

बेटावर राजाचा वाडगा पोचला.
त्याने उत्तरेकडे तोंड करून चारदा दंडवत घातला,
वाडगा प्यायला, मेला नाही.
दुसरा दिला. मेला नाही.
तेव्हा त्यानेच सांगितलं, चुलीत लाकडं सारा,
जमीन तापली की विष धावेल.
आणि पुन्हा म्हणाला,
लाकडं ओली दिसतात,
पोरांच्या डोळ्यांत धूर जाईल,
आधी खिडकी उघडा.

"हे कशाला टिपायचं!" कारकून हसला
आणि पान माझ्या हातात दिलं.

शाई आधी सुटते ती केसासारखी, बारीक, वळत वळत.
हू गेला.
इन गेला.
प्यो चिकटून राहिला.
अंगठ्याने चोळला.
बापाची बोटं आठवली, म्हणून जोरात चोळला.
मग हात थांबला, का ते मला सांगता येणार नाही.
कारकून ओरडला, तेव्हा पाण्यात दाबला.

हा लगदा पुन्हा ताव होईल,
नव्या राजाच्या नव्या मंत्र्यासाठी.
कितीही धुवा, थोडा राखाडीच राहतो;
दिवसा कळत नाही.
काठाची कातरणं आम्हाला मिळतात.
ती जोडून परवा मी खिडकीला लावली.

आज बघतो तर धाकटीने
ओलं बोट घालून भोक पाडलंय,
आणि एक डोळा लावून बसली आहे.
काय दिसतं, विचारलं.
म्हणाली, काही नाही, वारा.